आधी कपाटाचं कुलूप काढा

वाचनालयाच्या पत्रिकेवर कार्यक्रमाची वेळ सहाची असते. पाहुणे साडेसहाला येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय, अध्यक्षांचा परिचय, शाल, श्रीफळ आणि देणगीदारांचे सत्कार. वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा सव्वासात झालेले असतात. तास-सव्वा तासाने अध्यक्षीय समारोप होतो, आभार होतात आणि प्रश्नोत्तरं ‘वेळेअभावी’ रद्द होतात. हा वेळ कुणी खाल्ला ते सभागृहातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. समोर नववीतली एखादी मुलगी वहीत प्रश्न लिहून बसलेली असते. ती वही मिटून घरी जाते.

हे एक वेळ सोसता येईल. खरी चीड येते ती खालच्या मजल्यावर. तिथे देवघेव विभाग बंद असतो, कारण ग्रंथपाल माइकपाशी उभे असतात आणि शिपाई खुर्च्या मांडत असतो. वर दुर्गाबाई भागवतांवर व्याख्यान रंगतं. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ त्याच इमारतीत, कुलूपबंद कपाटात असतात. ऐकून पेटलेला माणूस जिना उतरतो, चहा पितो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक मागायला येईल, असं कुणी समजू नये. ती ओढ त्या रात्रीपुरतीच असते. वाचनालयाने ती पकडायची असते.

सभागृहं गावोगाव आहेत. मंगल कार्यालयं आहेत, नाट्यगृहं आहेत. तरीही व्याख्यान वाचनालयात ठेवायचं ते भिंतीमागे पुस्तकं आहेत म्हणूनच ना? बोलणं संपल्यावर ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक पडलं नाही, तर कार्यक्रम वाचनालयाचा झाला असं मी मानत नाही. टाळ्या कितीही पडोत.

आपल्याकडे ही परंपरा काल-परवाची नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848चं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. माणसं जमवून शाली पांघरायला ती सुरू झाली नव्हती. समाजाने विचार ऐकावा, त्यावर वाद घालावा, यासाठी ती होती. गावोगावच्या व्याख्यानमाला आजही तिचंच नाव घेतात. नाव घ्यायचं आणि वाद घालायला दहा मिनिटंही ठेवायची नाहीत, हे चालणार नाही.

आता पैशाचं. कार्यकारिणीतली मंडळी पदरमोड करून, वर्गणीसाठी दारोदार फिरून हे सोहळे उभे करतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात 1967 साली झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, त्यानुसार अनुदान मिळतं. 2012 नंतर त्यात वाढ व्हायला 2022 उजाडलं. तेव्हा ते 60 टक्क्यांनी वाढलं, पण मधली दहा वर्षं पुस्तकांच्या किमती आणि विजेची बिलं थांबली नव्हती. लहान गावातल्या ग्रंथपालाचा पगार ऐकला, तर पाहुण्या वक्त्याला मानधनाचं पाकीट हातात घेणं जड जाईल. सरकारने हे बघायलाच हवं, आणि त्यासाठी भांडायलाही हवं.

पण कपाट उघडं ठेवायला अनुदान लागत नाही. विषयाशी जुळणारी पंधरा-वीस पुस्तकं सभागृहाच्या दाराशी टेबलावर मांडायला शासन निर्णय लागत नाही. वही-पेन घेऊन तिथे एक माणूस बसवा, जागेवर नोंद करा, पुस्तक घरी जाऊ द्या. सभासद नसेल त्याला तिथेच अर्ज द्या. सत्कार करायचे असतील तर व्याख्यानानंतर करा. ज्यांना थांबायचं ते थांबतील.

दिवाळी अंकांची योजना बघा. थोडी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. ‘मनोरंजन’ने 1909मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि आज त्या अंकांचा हक्काचा वाचक वाचनालयांनी टिकवून धरला आहे. भाषण नाही, हार नाही, तरी टेबलापाशी गर्दी. एक अंक परत करायला आलेल्या आजी दुसरीला सांगतात, “यातली ती शेवटची कथा सोडू नकोस.” पुस्तकाबद्दलचं याहून चांगलं बोलणं मी मोठमोठ्या व्यासपीठांवरही फारसं ऐकलेलं नाही. या आजींना जानेवारीत समोर बसवा आणि वाचलेल्या अंकांवर बोलायला लावा. पाहुणा बाहेरून आणायची गरज नाही.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. तुमच्या वाचनालयातही तेव्हा कार्यक्रम होईल. जरूर जा. जाताना शेजारच्या एका शाळकरी पोराला सोबत न्या. व्याख्यान संपलं की हात वर करून प्रश्न विचारा, “वेळ नाही” म्हणाले तरी विचारा. आणि देवघेव विभाग बंद दिसला, तर अध्यक्षांना तिथेच गाठून किल्ली मागा.