मल्लेश्वरमात धक्का स्टार्ट

बेंगळुरूत गाडी बंद पडायचीच असेल तर मल्लेश्वरमात पडावी. इथे दर दोन घरांमागे एक इंजिनिअर राहतो. मेकॅनिक मिळायला मात्र दहा वाजतात.

आमची गाडी जुनी, कार्बोरेटरची, वय विचारू नये अशी. मुंबईहून हजारेक किलोमीटर आली. खंबाटकीचा घाट चढली, रुंदीकरणाची सगळी धूळ अंगावर घेतली, तुमकूर रस्त्याच्या कोंडीत घरघरत उभी राहिली आणि मावसभावाच्या दारात मुकाट थांबली. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं खर्र खर्र. पुढे काही नाही.

मावसभाऊ सॉफ्टवेअरवाला. दात घासता घासता खिडकीतून म्हणाला, “दादा, एकदा रिस्टार्ट करून बघ.” आमची तक्रार नेमकी तीच होती. समोरचे गृहस्थ “बॅटरी वीक इदे” असा निकाल देऊन दूध आणायला गेले. बॅटरी वीक असती तर सेल्फ इतका खणखणीत फिरला असता का, हे विचारायचं राहिलं. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, पेट्रोल पोचत नसणार. मग प्रत्येक जण आला आणि एकेकदा चोक ओढून गेला. देवळात आल्यावर घंटा वाजवावी, तितक्या सहजपणे. मग धक्का झाला. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, पण गेली ती आमच्या बळावर.

शेजारी एचएएलमधून निवृत्त झालेले आजोबा राहतात. आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन इथे विमानांचा कारखाना काढला, त्याचंच पुढे एचएएल झालं, हे मी त्यांना जरा छाती काढून ऐकवलं. ते म्हणाले, “ते असू दे. आधी चोक आत ढकला.”

मग त्यांनी फाटकाला टेकून समजावलं. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी एवढंच लागतं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर वर. इथली हवा मुंबईपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ, पण कार्बोरेटर पेट्रोल सोडतो ते मुंबईच्याच हिशेबाने. पिस्टन इंजिनाच्या विमानात वैमानिक उंच जाताना हाताने पेट्रोल कमी करतो. “तुमच्या गाडीला अजीर्ण झालंय,” ते म्हणाले, “आणि सकाळपासून सगळे तिला वाढतायत.”

दहा वाजता मिस्त्री आला. त्याने काहीच विचारलं नाही, बॉनेट उघडून फक्त वास घेतला. पान्याने एक प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला: टोकाला काजळी आणि वर पेट्रोलचा ओला तवंग. “भूकी नईं साब, जास्ती पी गई. चोक नक्को खींचो.” मग एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला, त्यातून अर्धा महामार्ग बाहेर पडला. शेवटी त्याने मला कार्बोरेटरच्या तोंडाशी वाकायला लावलं. डॅशबोर्डवरचं चोकचं बटण पूर्ण आत होतं, पण केबल गंजल्यामुळे आतली पितळी झडप अर्धी मिटलेलीच. त्याने ती बोटाने ढकलली, ती करकरत उघडली.

प्लग पुसून बसवले. चोक न ओढता अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितला, म्हणजे नुसती हवा आत जाऊन साचलेलं पेट्रोल निघून जातं. सेल्फ मारला. मागून काळा धूर निघाला, दूध घेऊन परतलेले गृहस्थ खोकले, आणि गाडी सुरू झाली. नवी केबल जे. सी. रोडवर मिळाली. तिथे सगळ्या गाड्यांचे सगळे भाग मिळतात, गाडी उभी करायला जागा तेवढी मिळत नाही.

मिस्त्रीने मिक्श्चरचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. खाली उतरलात की परत सोडा, म्हणाला. नाहीतर तिकडे उपाशी राहील. हे ऐकून आजोबांना उत्साह चढला. त्यांनी परतीच्या वाटेवरच्या गावांची उंची लिहून प्रत्येकापुढे स्क्रूचा हिशेब मांडून दिला. हुबळी बेंगळुरूपेक्षा खाली, म्हणून सैल. बेळगाव हुबळीच्या वर, म्हणून पुन्हा किंचित घट्ट. कोल्हापूर सैल. खोपोलीला घाट उतरल्यावर आणखी सैल.

बायकोने कागद वाचला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. “बेळगावला मी कुंद्यासाठी थांबणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही तोवर काय फिरवायचं ते फिरवा.”