सही, शिक्का आणि अंगठा

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या वेबसाइटवर 'नवीन' असा लाल-पिवळा ठिपका २०१७ सालापासून लुकलुकत होता. ज्या सूचनेशेजारी तो लुकलुकत होता, तिच्यानुसार परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत रोजच 'उद्या' संपत होती. त्याखाली प्राचार्यांचं मनोगत. फोटो मागच्या प्राचार्यांचा, नाव त्यांच्याही आधीच्यांचं. मनोगत मात्र अस्सल, कारण प्राचार्य कुणीही असोत, ते मीच लिहितो.

ही साइट बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या एका पोराने प्रोजेक्ट म्हणून केली होती. पोरगा हिंजवडीला नोकरीला लागला. त्याला 'नो ड्यूज' देताना आम्ही ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा असं सगळं चोख तपासलं. फुटलेल्या परीक्षानळीचे चाळीस रुपयेही भरून घेतले. पासवर्ड कोणत्या खात्याचं येणं, हे त्या फॉर्मवर छापलेलं नव्हतं. त्यामुळे तो पोराबरोबर हिंजवडीला गेला.

एरवी हे असंच चाललं असतं, पण महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकचं वर्ष जवळ आलं. १९९४ साली नॅक स्थापन झाली, तेव्हा मूल्यमापन म्हणजे समितीला कपाटं दाखवायची आणि जेवणात दोन गोड पदार्थ ठेवायचे, असा आमच्याकडे समज होता. आता सात निकषांच्या अहवालात प्रत्येक दाव्यापुढे वेबसाइटची लिंक द्यावी लागत होती, आणि पडताळणी करणारा माणूस ती लिंक खरोखर दाबून पाहत होता. तेव्हा नवी साइट हवी, तिला सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम हवी आणि सीएमएस निवडायला कमिटी हवी. कमिटीत मला घेतलं. "कंटेंट म्हणजे मजकूर, आणि मजकूर म्हणजे मराठी विभाग," असं प्राचार्य म्हणाले. मानपत्रं आणि शोकप्रस्ताव याच न्यायाने माझ्याकडे आलेले आहेत.

पहिल्या बैठकीत कॉम्प्युटरच्या सरांनी समजावलं. पूर्वी पानावरचं एक अक्षर बदलायचं तरी कोड उघडावा लागे. सीएमएसमध्ये मजकूर वेगळा, मांडणी वेगळी. ज्याच्याकडे बातमी आहे त्याने लॉगिन करायचं, टाइप करायचं, बटण दाबायचं.

बैठकीत शांतता पसरली. कार्यालयीन अधीक्षकांनी चष्मा काढला.

"म्हणजे कुणीही?"

"हो, ज्याला अधिकार दिला तो कुणीही."

"जावक क्रमांक न घालता?"

सीएमएस म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांत आधी अधीक्षकांना कळलं होतं. पुढचे सहा महिने आम्ही जे केलं ते तो धोका टाळण्यासाठी.

पर्याय तीन होते. सरांचा जीव ड्रुपलवर. हिचा जन्म बेल्जियममधल्या अँटवर्पच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला. ड्रीस बायटार्ट या पोराला डच भाषेत 'गाव' या अर्थाचा शब्द टाइप करायचा होता, एक अक्षर इकडचं तिकडे झालं आणि नावाचा 'थेंब' झाला. २००१ साली ती त्याच नावावरून ड्रुपल म्हणून सगळ्यांसाठी खुली झाली. शुद्धलेखनाच्या चुकीतून एवढं काही उभं राहू शकतं, हे ऐकून तीस वर्षं वेलांट्या दुरुस्त करणारा मी जरा खचलो. ड्रुपल भक्कम आहे, कुणी काय लिहावं याचे अधिकार ती पदरापदराने वाटून देते, पण शिकायला वेळ लागतो. "किती?" असं प्राचार्यांनी विचारलं. सरांनी खरं उत्तर दिलं आणि ड्रुपल बाद झाली.

दुसरी जूमला, २००५ सालची. नाव स्वाहिलीतल्या 'जुम्ला'वरून, अर्थ 'सगळे मिळून'. मुळात अरबी शब्द. आपल्या जुन्या हिशेबांतला 'जुमला', म्हणजे एकूण बेरीज, तो हाच. मी हे उत्साहाने सांगितलं. संस्थेचे सचिव म्हणाले, "सर, व्युत्पत्ती राहू द्या. पुढच्या महिन्यात संस्थेची निवडणूक आहे. उद्घाटनाच्या बॅनरवर माझ्या फोटोखाली 'जुमला' लिहिणार का?"

उरली २००३ सालची वर्डप्रेस. जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चार तिच्यावर चालतात. मराठीत मिळते, लवकर शिकता येते आणि फुकट आहे.

फुकट म्हटल्यावर घोडं अडलं. कोणतीही खरेदी तीन कोटेशनांशिवाय होत नाही. तुलनात्मक तक्त्यात शून्य रुपये लिहिले, तर ऑडिटवाला पहिला प्रश्न विचारणार, की उरलेले दोन शून्य कुठे आहेत? सरांनी सांगून पाहिलं की सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हरची जागा, बॅकअप, अपडेट, लोकांना शिकवणं याला पैसे लागतात, ते ठेवा. ते सगळं 'वार्षिक देखभाल' या नावाखाली लिहिलं गेलं आणि "नवी कोरी वस्तू, रोज काय बिघडणार?" असं म्हणून खोडलं गेलं.

मग तीन कोटेशनं आली. एक पंचेचाळीस हजारांचं, एक नव्वद हजारांचं, एक दोन लाख चाळीस हजारांचं. तिन्हींत वर्डप्रेसच होती, फक्त महागड्या कोटेशनात तिला 'एंटरप्राइज' म्हटलं होतं. तिन्हींत 'महाविद्यालय' हा शब्द 'महाविदयालय' असा लिहिला होता. लेटरहेडं तीन, चूक एक. मी ती दाखवली. सचिव म्हणाले, "सर, तुम्ही शुद्धलेखन नका बघू, किंमत बघा." मी किंमत बघितली. तीही अशुद्ध होती.

तिसरी बैठक अधिकारांची. वर्डप्रेसमध्ये मुळात पाच भूमिका मिळतात. सबस्क्रायबरने वाचायचं. कॉन्ट्रिब्युटरने लिहायचं, पण प्रसिद्ध करायचं नाही, फोटोसुद्धा चढवायचा नाही. ("हे तर आमचंच वर्णन आहे," तासिका तत्त्वावरच्या मॅडम पुटपुटल्या.) ऑथरने स्वतःचं लिहून प्रसिद्ध करायचं, एडिटरने सगळ्यांचं बघायचं आणि ॲडमिनिस्ट्रेटर हा मालक. तो एकच असावा, फार तर दोन, अशी सरांची विनवणी होती. पण उपप्राचार्यांना निव्वळ एडिटर कसं करणार? सेवाज्येष्ठता काढली तर ग्रंथपाल त्यांच्याही वर. शेवटी कुणाचाच मान दुखावू नये म्हणून अकरा ॲडमिनिस्ट्रेटर झाले. अकरा पासवर्ड लक्षात राहणार नाहीत म्हणून एकच ठेवला आणि तो स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिला. खाली सूचनाही आहे : 'पुसू नये'.

कळ दाबून, नारळ फोडून उद्घाटन झालं. दुसऱ्याच दिवशी कळलं की नव्या साइटवर पानांचे पत्ते बदलल्यामुळे मागच्या सगळ्या वार्षिक अहवालांतल्या लिंका मेल्या. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर आपोआप वळवायची सोय असते, सर पहिल्या बैठकीपासून ते सांगत होते. तो मुद्दा इतिवृत्तात 'चहापानानंतर' या शीर्षकाखाली सापडला. पुढे, अपडेट न केलेल्या कुठल्या तरी प्लगइनच्या भोकातून कुणी तरी आत शिरलं आणि गुगलवर आमचं नाव शोधलं की जपानी भाषेत घड्याळांच्या जाहिराती दिसू लागल्या. हे आंतरराष्ट्रीय सहकार्यात दाखवता येईल का, अशी चौकशी झाली.

आणि सूचना? त्यांचं अजूनही तसंच आहे. कार्यालयात मराठी जुन्याच फॉन्टमध्ये टाइप होतं. युनिकोड नसल्यामुळे तो मजकूर साइटवर चिकटवला की वेलांट्यांच्या जागी डॉलर, पौंड आणि उलटी प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून सूचनेचं प्रिंट काढायचं, जावक क्रमांक घालायचा, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का घ्यायचा, कागद टेबलावर ठेवून मोबाइलने फोटो काढायचा आणि त्याची पीडीएफ चढवायची. नाव : 'नवीन फायनल दुरुस्त २'. गुगलला ती धड वाचता येत नाही, अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, मोबाइलवर मान वाकडी केल्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. पंख्याने कागद उडू नये म्हणून फोटोच्या वेळी शिपाईमामा तो दाबून धरतात, त्यामुळे प्रत्येक सूचनेच्या डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा येतो.

मुलं साइटवर जात नाहीत, मामांना फोन करतात. कागद धरता धरता मामांनी तो वाचलेला असतो, ते तारीख लगेच सांगतात.

नॅकच्या सहाव्या निकषात ई-गव्हर्नन्सचा प्रश्न होता. आम्ही लिहिलं, 'कामकाज पूर्णतः डिजिटल'. पुरावा म्हणून तसा ठराव अपलोड केला. मंजूर झाला असता, पण पडताळणीवाल्याने उलट विचारलं, "कोपऱ्यात हा अंगठा कुणाचा?" अकरा ॲडमिनिस्ट्रेटर एकमेकांकडे बघत राहिले. सरांनी हळूच सुचवलं की मामांना निदान ऑथर तरी करू या. अधीक्षकांनी पुन्हा चष्मा काढला.

"चतुर्थ श्रेणीला लॉगिन? उद्या ते परस्पर काहीही सांगत सुटतील."