सुयांची चंची

एक काळ असा होता की मराठी मध्यमवर्गीय घरात एखादी वस्तू उघडी दिसली, तर तो गृहिणीचा आळस समजला जाई. म्हणून टीव्हीवर रुमाल, रेडिओवर रुमाल, फोन आला की त्याच्यावर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर मणी ओवलेलं झाकण. सोफ्याच्या पाठीवर तेलकट डोकी टेकायची तिथे आणखी एक रुमाल. फ्रीजचं हँडलसुद्धा सुटलं नाही. रुखवतात क्रोशाचं तोरण नसेल, तर वरपक्षाला मुलीच्या बोटांविषयी शंका येई. (तोरण मुलीच्या आत्यानं विणलंय, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे, पण ते बोलायचं नसे.) या वस्त्रदानाच्या धामधुमीत घरातली एकच वस्तू कायम उघडी राहिली. ती म्हणजे क्रोशाची सुई.

ती राहायची कुठे? माझ्या मावशीची अंबाड्यात. बाकीच्या बायकांची दोऱ्याच्या गुंड्यात खोचलेली, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली, नाहीतर शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांच्या संगतीला. सुई हरवली की सगळं घर शोधायला लागे आणि ती सापडे मात्र सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला.

मावशीचा संसार दोन सुयांवर झाला. एक बारीक, एक जाड. माझ्या काळात सुयांची खानेसुमारी करायची वेळ आलीय. सुती दोऱ्यासाठी पोलादी सुया, लोकरीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या, शिवाय हौस म्हणून बांबूच्या. त्यांच्याबरोबर कात्री, टेप, शेवटचे धागे आत लपवायची बोथट सुई, टाक्यांना खूण करायच्या पिना. हे सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. तीन मिलिमीटरची सुई हवी असेल तर डबा पालथा घालायचा आणि एकेक सुई उजेडात धरून नंबर वाचायचा. हा नंबर अंगठा टेकतो त्या चपट्या भागावरच कोरलेला असतो, त्यामुळे जी सुई सर्वात लाडकी तिचा नंबर सर्वात आधी पुसला जातो. त्यात जुन्या पोलादी सुयांचा हिशेब उलटा. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. चौदा नंबर मागावा तर हातात येते ती दात कोरायची काडी वाटावी अशी वस्तू.

खरं तर या वाकड्या नाकाच्या काडीचा मान मोठा आहे. दोन सुयांवरचं विणकाम यंत्रानं कधीच गिळलं. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसानं पायमोजे विणायचं यंत्र 1589 मध्ये केलं, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. क्रोशाचं मात्र हुबेहूब यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. यंत्र क्रोशासारखं दिसणारं काहीतरी काढतं, ते जाणकार बाई बोटानं चाचपून बाजूला ठेवते. आंध्रात नरसापूरला बायका एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची लेस हातानंच विणतायत. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा हत्याराला श्रीखंडाचा डबा? न्हाव्याच्या वस्तऱ्यालासुद्धा पूर्वी धोकटी असे.

तर सुयांसाठी घर करायचं, आणि तेही क्रोशाचंच. नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. आजोबांची चंची डोळ्यांसमोर होती. कापडाची लांब पट्टी, तिला पानाचा, सुपारीचा, काताचा, तंबाखूचा असे कप्पे, गुंडाळी करायची आणि दोरीनं बांधून टाकायची. पानाच्या जागी सुया घातल्या की झालं.

पण इथे एक तात्त्विक अडचण आली. क्रोशाचं सगळं सौंदर्य भोकांत. आणि या भोकांच्या घरात आपण ठेवणार काय, तर जन्मभर भोकांतून ये-जा करायचाच धंदा असलेली वस्तू. चोराला कोठडीत टाकायचं आणि गजांमधलं अंतर त्यालाच ठरवायला सांगायचं, असा हा प्रकार. सुबक जाळीची थैली केली असती तर सकाळपर्यंत सगळ्या सुया दाराबाहेर.

उपाय मुका खांब नावाच्या टाक्याचा. खांबांच्या घराण्यातला हा सर्वात बुटका आणि घट्ट सदस्य. शिवाय लोकरीच्या वेष्टनावर जी सुई सांगितलेली असते, तिच्यापेक्षा एकदोन नंबर बारीक सुई घ्यायची. कापड असं दाट येतं की वाऱ्यालाही आत जायला परवानगी काढावी लागेल. बोटं मात्र दुखतात. परदेशी नमुना समोर ठेवून विणणार असाल तर आधी तो कुठला ते बघा. अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल म्हणतात. ब्रिटिश नमुना अमेरिकी डोळ्यांनी वाचलात तर खांब उंच होतात, फटी पडतात आणि चोर सुटतात. मावशीला या भानगडीशी कर्तव्य नाही. तिचा मुका खांब दोन्ही साम्राज्यांत मुकाच.

मापाचं म्हणाल तर सुई साधारण 15 सेंटीमीटर. पट्टीची उंची 35 ठेवली. खालचे 10 वर दुमडले की खिसे, वरचे 7 खाली दुमडले की झडप, मधल्या 18 मध्ये सुई ऐसपैस. झडप हवीच. नाहीतर गुंडाळी उलटी धरली की सगळ्या सुया पायावर. मग उभ्या शिवणी घालून कप्पे पाडायचे. बारीक सुयांसाठी अरुंद, जाड्यांसाठी रुंद, कात्रीला सर्वात कडेला वेगळी खोली. आतून अस्तर लावलं ते एका ब्लाउजपीसचं. ओटीत आलेला, पुढे कुणाच्या तरी ओटीत गेलेला, तिथून दोन नणंदा फिरून परत माझ्याच कपाटात आलेला. कात्री लागली तेव्हा कुठे त्याची चौऱ्यांयशीच्या फेऱ्यातून सुटका झाली.

चंची झाली, सुया ओळीनं बसल्या आणि लक्षात आलं की काही कप्पे रिकामे आहेत. डब्यात होत्या तोवर सुया भरपूर वाटत होत्या. कप्प्यांत गेल्या आणि वर्गातली गैरहजेरी उघडी पडली. अडीच आहे, तीन आहे, पण सव्वातीन कुठाय? साडेतीननंतर एकदम चार? पावणेचारनं काय पाप केलं? या आकड्यांची मला तोवर कधी गरज पडली नव्हती, तरी तुळशीबाग गाठली. दुकानदारानं काही न बोलता सुयांचा अख्खा ट्रे समोर ठेवला. हे गिऱ्हाईक कप्पे भरायला आलंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळत असावं.

"या सुया विणायच्या आहेत की मिरवायच्या?" घरी यजमानांनी विचारलं.

"अहो, तुमच्या पान्ह्यांच्या सेटमधले तुम्ही किती वापरलेत?" मी म्हटलं. विषय तिथेच मिटला.

तसा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. काम चालू असलेली सुई या चंचीत कधी जातच नाही. विणताना ती हातात असते, आणि विणणं थांबलं की चालू टाक्यात अडकवून गुंड्यात खोचलेली, कारण उद्या तिथूनच उचलायचं असतं. चंचीत राहतात त्या बिनकामाच्या सुया. अस्तर लावलेल्या घरात, आपापल्या खोलीत, निवृत्त अधिकाऱ्यांसारख्या. कष्टकरी सुई पूर्वीसारखीच सोफ्यावर, पाहुण्याची वाट बघत.

हे सगळं ऐकवायला नको म्हणून मी मावशी आली तेव्हा चंची नुसतीच तिच्यापुढे ठेवली. तिनं दोरी सोडली, पट्टी मांडीवर उलगडली, सुयांकडे ढुंकूनही न बघता कापडाची उलटी बाजू पाहिली आणि एका ठिकाणी नख लावून म्हणाली, "इथे दोरा संपला होता ना गं?" तिथेच संपला होता.

"बरी झालीय," ती म्हणाली. आमच्या घराण्यात ही सर्वोच्च पदवी. "मलाही एक करून दे."

"मावशी, तुझ्या दोन सुयांना चंची कशाला?"

"सुयांना कोण म्हणतंय? गोळ्यांच्या पट्ट्यांना. सकाळ, दुपार, रात्र असे तीन कप्पे कर. आणि इतकं गच्च नको विणूस बाई, जरा भोकं ठेव. गोळी घेतली की राहिली, ते बाहेरून दिसायला नको?"