हरकतवाले आप्पा

घरपट्टीची नोटीस आली की आमच्या जळगावच्या कॉलनीतले लोक ती उघडतही नाहीत. तशीच आप्पांकडे नेतात. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खिशात पेनाशेजारी मोजपट्टी असते. नोटिशीवर नजर फिरवतात आणि आकडा न वाचताच निकाल देतात, "हाई माप चुकेल शे, भो!"

2003 साली जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. लोकांनी पेढे वाटले, आप्पांनी कायद्याचं पुस्तक आणलं. नगरपालिकांचा कायदा 1965 चा, महापालिकांचा 1949 चा. "गाव पुढे गेलं आणि कायदा सोळा वर्षं मागे आला," हे वाक्य ते अजून दर लग्नाच्या पंगतीत ऐकवतात.

शिकवतात मात्र चोख. घरपट्टी घराच्या किमतीवर नसते, ते भाड्याने दिलं तर वर्षाला काय येईल त्यावर असते. त्या भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघतं. हरकत लेखी आणि मुदतीत द्यायची, मग सुनावणी. तिथे पटलं नाही तर कलम 406 खाली कोर्टात अपील. पण आधी पट्टी भरायची. हे शेवटचं आप्पा जरा हळू आवाजात सांगतात.

भाड्याची ही मेख त्यांना फार आवडते. अर्जात प्रत्येक घराची ते अशी काही बदनामी करतात की घरमालकालाच भाडेकरूची दया यावी. एरवी स्वतःच्या घराला 'बंगला' म्हणणारे आप्पा हरकतीत त्याला 'सदरहू जीर्ण वास्तू' म्हणतात. गच्चीवरच्या पत्र्याचं माप धरलं तेव्हा सुनावणीला त्यांनी विचारलं होतं, "त्याखाली काकू बिबडे वाळवते. बिबडे काय भाडं देता?"

गेल्या वर्षी धुळ्याहून व्याह्यांचा फोन आला. नोटीस! आप्पा आणि काकू सकाळच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत देवपुरात पोचले. दुपारपर्यंत मापं झाली, संध्याकाळी अर्ज. शेव-भाजीचं जेवण व्हायचं होतं, तेवढ्यात आप्पांनी तो खड्या आवाजात वाचायला घेतला: भिंतींना ओल, जिना धोकादायक, उजेड नाही, मोरी तुंबलेली, सबब या घरात कोणीही सुज्ञ इसम राहण्यास तयार होणार नाही.

व्याही खूश. स्वयंपाकघरात मात्र पोळपाट थांबला.

काकूंनी विचारलं, "तीन वर्षांपूर्वी हेच घर बघून आले होते ना तुम्ही? पोरीला राजवाडा मिळाला म्हणे!"

आप्पांनी चष्मा पुसला. "त्या हरकतीची मुदत गेली आता."

विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि व्याह्यांना म्हणाल्या, "पट्टी वाढली तर वाढू द्या. मोरीचं वाक्य आधी काढा."

मोरी काढून अर्ज सोमवारी दाखल झाला. आवक शिक्क्याची प्रत आप्पांनी लॅमिनेट करून घेतली आहे.