मार्जारपदाचा कार्यभार

प्रवचनकाराने दृष्टान्त द्यावा आणि दुसऱ्या दिवशी श्रोत्यांपैकी कोणी तरी तो दृष्टान्त खोक्यात घालून त्याच्या दारात आणून ठेवावा, असा प्रसंग आजवर कोणा पुराणिकावर ओढवला असेल असे मला वाटत नाही. माझ्यावर तो गेल्या आषाढात ओढवला, आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणाच्या नावे मांडता येत नाही, याचे वैषम्य अद्याप गेलेले नाही.

निवृत्तीनंतर वाईसारख्या गावात राहणाऱ्या मनुष्याला दोनच व्यवसाय मोकळे असतात: एक प्रवचन करणे आणि दुसरा प्रवचन ऐकणे. छत्तीस वर्षे कचेरीत वरिष्ठांचे ऐकून घेतल्यामुळे ऐकण्यातली माझी इयत्ता पुरी झाली होती, म्हणून मी पहिला पत्करला. चातुर्मासात दर गुरुवारी घाटालगतच्या एका देवळात पंधरा-वीस श्रोत्यांपुढे मी बोलतो. त्यांतले निम्मे पाऊस थांबण्याची वाट पाहत असतात हे मला ठाऊक आहे; उरलेले निम्मे माझ्यासाठी येतात, असे मी धरून चालतो.

माझा विषय शरणागती आणि शरणागतीतला माझा हातखंडा दृष्टान्त म्हणजे मार्जारकिशोरन्याय. ज्यांना तो अवगत आहे त्यांनी पुढला मजकूर गाळावा असे मी म्हटले असते. परंतु तो कोणी गाळू नये म्हणूनच तर इतकी वर्षे मी सतरंजीच्या टोकावर, चपलांच्या बाजूने बसणाऱ्या मंडळींकडे रोखून पाहत आलो आहे. रामानुजाचार्यांच्या पश्चात श्रीवैष्णवांत दोन तट पडले. उत्तरेकडचे ते वडकलै आणि दक्षिणेकडचे ते तेंकलै. पहिल्यांचे आचार्य वेदान्तदेशिक, दुसऱ्यांचे पिळ्ळै लोकाचार्य. वडकलै म्हणाले, माकडिणीचे पिलू पहा. आई या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेते खरी, पण पिलाने तिच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट धरून ठेवावेच लागते, तद्वत् जीवानेही आपल्या परीने काही यत्न केला पाहिजे. तेंकलै म्हणाले, छे, पाहायचे तर मांजरीचे पिलू पहा. ते काही म्हणता काही करत नाही, आई त्याची मानगूट धरते आणि नेईल तिकडे ते लोंबकळत जाते. एवढ्या दोन पिलांपायी केवढा प्रपंच झाला! पंथ निराळे, टिळे निराळे. एकांचा टिळा भुवयांच्या मध्ये थांबतो, दुसऱ्यांचा नाकावर उतरतो. कांचीपुरमच्या वरदराजाच्या देवळात कोणी कोठे काय म्हणावे याचे कज्जे इंग्रजांच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले, आणि देवळाच्या हत्तीच्या कपाळी कोणता टिळा काढावा यावरूनही रणे माजल्याच्या कथा सांगतात. फिर्यादी, कैफियती, हुकूमनामे, अपिले! जन्मभर दप्तरात वावरलेल्या माझ्यासारख्याला वेदान्ताची गोडी लागली ती या वाटेने, हे मी श्रोत्यांना अर्थातच सांगत नाही. मात्र हत्तीपाशी आलो की थोडा रेंगाळतो. त्या हत्तीला कोणी काही विचारले होते काय, हा माझा ठरलेला प्रश्न. त्यावर ठरलेले चौघे हसतात.

मी स्वतः तेंकलै पक्षाचा. ‘आपण पिलू व्हायचे, मानगुटीची काळजी मांजरीने करायची,’ या वाक्यावर मी दर वर्षी डोळे मिटतो आणि क्षणभर तसाच राहतो. मांजर डोळे मिटून दूध पिते त्याच जातीचे ते मिटणे होते, हे उमगायला मला वयाची बहात्तर वर्षे घालवावी लागली.

त्या प्रवचनाच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात, आमच्या आळीतला सातवीतला एक मुलगा चहापत्तीचे खोके छातीशी धरून ओसरीवर उभा राहिला. “आजोबा, घाटावर सापडलं. आजी म्हणाली, मांजराच्या पिलावर बोलतात ना, त्या आजोबांकडे नेऊन दे.” ही आजी देवळात खांबाला टेकून डोळे मिटून बसते. ती झोपते, असा माझा समज होता.

खोक्यात तीन पिले होती. दोन गेलेली होती. तिसरे, मुठीत मावेल एवढे, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या ओल्या चिंधीसारखे, डोळे न उघडलेले, तोंड उघडून काही तरी म्हणत होते. आवाज मात्र येत नव्हता.

कचेरीत कोणतेही प्रकरण प्रथम नाकारून पाहावे, हा माझा शिरस्ता. मी मुलाला म्हणालो, “बाळ, याची आई तिथंच कुठे तरी असेल. मांजरी पिलांना सात घरं फिरवते. होतं तिथं नेऊन ठेव, ती येऊन उचलून नेईल.”

“आजोबा,” तो म्हणाला, “मांजर खोक्याला सुतळी बांधत नाही.”

या मुद्द्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि समोरच्या तीन ओट्यांवर आळीतली मंडळी कार्यक्रम पाहायला उभी राहिली होती. माझ्या भूतदयेचा उगम कोठे आहे असे कोणी विचारले, तर तो त्या तीन ओट्यांवर आहे. मी खोके घेतले.

दूध तापवायला मी स्वयंपाकघरात शिरलो तर आमच्या हिने भांडे काढून घेतले, पिलू आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले आणि मला छत्री हातात देऊन जनावरांच्या दवाखान्याची वाट दाखवली. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मला पाच मिनिटांत जे ऐकवले ते मी श्रोत्यांना पाच चातुर्मासांत ऐकवू शकलो नाही. गार पडलेल्या पिलाच्या पोटात अन्न जिरत नाही, म्हणून आधी ऊब आणि मग दूध. गाईचे दूध वर्ज्य, कारण त्यातली दुग्धशर्करा याला सोसत नाही आणि हगवण लागून असली पिले दगावतात. मांजराच्या पिलांसाठी निराळी भुकटी मिळते, ती साताऱ्याहून मागवावी लागेल. पाजताना तान्ह्या मुलासारखे उताणे धरायचे नाही, दूध फुप्फुसात जाते, पालथेच ठेवायचे. दर दोन-अडीच तासांनी पाजायचे, रात्रीसुद्धा.

“रात्री किती वाजेपर्यंत?” मी विचारले.

“सकाळपर्यंत,” त्या म्हणाल्या.

शेवटचे कलम त्यांनी मी उठल्यावर सांगितले. एवढ्या पिलाला आपण होऊन लघ्वी-शी होत नाही. आई चाटते तेव्हा होते. तेव्हा दर वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसायचे, होईपर्यंत. पिळ्ळै लोकाचार्यांच्या पक्षाच्या वतीने मी इतकी वर्षे बोललो, परंतु शरणागताची एवढी संपूर्ण शरणागती माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. पिलू काहीच करत नाही, हे वाक्य मी कितीदा उच्चारले असेल! ते जे करत नाही ते सर्व कोणाला तरी करावे लागते, हा त्याचा उत्तरार्ध. मी नेहमी पिलाच्या बाजूने बोललो. मांजरीची बाजू ऐकून घेण्याचे मला कारणच पडले नव्हते.

मी एक नोंदवही घातली. तारीख, वेळ, दूध किती मिलिलिटर, विसर्ग झाला अथवा कसे, शेरा. वजनासाठी घरातला काटा निरुपयोगी ठरला, म्हणून मी पिलू फडक्यात घालून ओळखीच्या सराफाकडे नेले. त्याने ते तितक्याच गांभीर्याने काट्यावर ठेवले आणि सवयीने म्हणाला, “चौदा तोळे, दोन ग्रॅम.” 142 ग्रॅम. एवढ्या वजनाचे सोने मी आयुष्यात एकदम हातात धरले नव्हते. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले पाहिजे, असे बाईंनी सांगितलेले. त्यामुळे रोज दहा वाजता मी पेढीवर हजर. एके दिवशी काटा चार ग्रॅमने उतरला तेव्हा सराफाने दागिना खोटा निघाल्यासारखे तोंड केले, आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

नाव मी तत्परतेने ठेवले: लोकाचार्य. दोन दिवस ते मी भारदस्त आवाजात उच्चारले. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, “अहो, तीन रंगांची मांजर ती. तीन रंगांत बोका शोधून सापडायचा नाही. एवढं ठाऊक नाही तुम्हाला?” डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला. तेव्हापासून तिचे नाव मनी पडले, जे आळीतल्या निम्म्या मांजरांचे असते.

रात्री मात्र विनोदाला फारसा वाव नसे. पावणेदोनला घड्याळ वाजे. बाहेर कृष्णेच्या पुराचा एकसुरी आवाज. मी पंचा गुंडाळून पाटावर बसून इंजेक्शनच्या बिनसुईच्या नळीने थेंब थेंब दूध सोडत असे, आणि ही न बोलता शेजारी पाणी कोमट करत असे. चौथ्या की पाचव्या रात्री मी, माझ्या हालअपेष्टांची कोणी तरी दखल घ्यावी म्हणून, म्हणालो, “माणसाला या वयात झेपायचं नाही हे.”

“दोन पोरं वाढवली या घरात,” ती म्हणाली. “तेव्हा रात्री दोनला कुठं असायचात हो तुम्ही?”

रागाने नव्हे, कापूस पिळता पिळता. मी कोठे असायचो हे मला पक्के आठवत होते: माडीवर, दार लावून, सकाळी साहेबांची तपासणी आहे असे सांगून. त्या तपासण्यांपैकी निम्म्या तर झाल्याही नव्हत्या. मी नोंदवहीत ‘1.50, 4 मि.लि., विसर्ग झाला’ एवढेच लिहिले.

अशाच एका रात्री मला त्या सुतळीवाल्या इसमाचा भयंकर संताप आला. दोन पिले परसात जास्वंदीखाली पुरताना आला नव्हता तो आता आला, आणि मी मनातल्या मनात त्याला एक पत्र लिहू लागलो. मजकूर झकास जमत होता. आपण सदरहू तीन जिवांची विल्हेवाट स्वतः न लावता, कोणी तरी पाहील, कोणी तरी उचलील, अशा समजुतीने ते पावसात ठेवून निघून गेलात, आणि आपले हात कोरडे राहिले असे मानलेत... येथवर आलो आणि अडखळलो, कारण ही कार्यपद्धती माझ्या ओळखीची होती. सुतळी बांधलेले खोके म्हणजे अखेर जावक टपालच. नोकरीच्या काळात एक विधवा बाई निराधारांच्या अनुदानाच्या अर्जासाठी माझ्याकडे यायची. कागद एक कमी होता. तो मागवून घेणे मला शक्य होते. तीन खेपांना मी तिला तीन टेबले दाखवली, आणि अर्जावर ‘पुढील कार्यवाहीस्तव रवाना’ असा शेरा मारला. माझे अक्षर चांगले आहे. शेरा फार देखणा उमटला होता. चौथ्या खेपेला ती आली नाही. तेव्हाही पावसाळाच होता. मी प्रकरण निकाली काढले.

नळीतले दूध निवले होते. पुन्हा कोमट करावे लागले.

दहाव्या दिवशी एक डोळा किलकिला झाला, दुसऱ्या दिवशी दुसरा. आत धुरकट निळा रंग. ज्याच्या हातून आपण उद्धरले गेलो त्या महापुरुषाचे प्रथम दर्शन घेताना भक्ताच्या मुद्रेवर जे भाव उमटावेत, त्यांची मी चष्मा पुसून वाट पाहिली. मनीने मला नीट न्याहाळले आणि फस्स केले.

त्या गुरुवारी मी देवळात हत्तीपर्यंत पोहोचलोच नाही. वडकलैंच्या माकडिणीने अर्धी उडी घेतली असताना मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मंडळी शांत बसली होती, आणि खांबाशी बसलेली आजी, टक्क डोळे उघडे ठेवून, चौघांना खुणेने सांगत होती की गलबला करू नका, बिचाऱ्याला रात्रीची झोप नाही.

भाद्रपदात, मनी आठ आठवड्यांची झाल्यावर, तिच्यासाठी चांगले घर पाहावे असा ठराव आम्ही उभयतांनी एकमताने केला. तीन दरखास्ती आल्या. पहिल्या कुटुंबाच्या गच्चीला कठडा नव्हता. दुसऱ्या घरी कुत्रा होता. तो वृद्ध आणि दंतहीन असल्याचे त्यांनी सांगितले, परंतु तसा दाखला सादर केला नाही. तिसऱ्या घरची मंडळी सज्जन होती, कठडा होता, कुत्रा नव्हता. त्यांना मी रात्री दोनला कोण उठेल असे विचारले, तेव्हा त्यांनी, आता ती दोनदा जेवते ना, मग उठायचे कशाला, असा पूर्णपणे रास्त प्रश्न केला. मी तिन्ही अर्ज दप्तरी दाखल केले. ही म्हणाली, “अहो, द्यायची नाही असं सरळ सांगा की.” मी म्हणालो की प्रकरण विचाराधीन आहे.

काल सायंकाळी मी पुढच्या गुरुवारची टिपणे काढत होतो. मार्जारकिशोर कसा सर्वस्वी निश्चेष्ट असतो, हे वाक्य नव्या अलंकारांनी मढवीत असतानाच पायाच्या घोट्याशी काही तरी टोचले. मनी धोतराला नखे रोवून वर चढत होती. गुडघा झाला, मांडी झाली, सदऱ्याची शिवण उसवत ती छातीवर आली आणि चारही पंजांनी गच्च धरून राहिली. मी उठून उभा राहिलो. ती सुटली नाही. चार पावले चाललो, सुटली नाही. अंमळ हिसका देऊन पाहिला, तेव्हा तर तिने खांद्यातच नखे रोवली. वेदान्तदेशिकांची मनोमन क्षमा मागून मी स्वयंपाकघराकडे वळलो आणि हाक मारली, “अगं, हिला जरा सोडव बघू!”

“घट्ट धरलंय ना तिनं?” आतून आवाज आला. “मग राहू दे.”