रविवारचे सर

राजूरला पावसाळ्यात माणूस एकदम दिसत नाही, हप्त्याहप्त्यानं दिसतो. रविवारी सकाळी आधी स्प्लेंडरचा खोकला ऐकू येतो, मग धुक्यातून पिवळा दिवा, मग निळा रेनकोट. रेनकोट पायरीवर झटकला जातो आणि त्यातून शेवटी सर निघतात. निघाल्या निघाल्या त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “किती आलेत?”

हे आमचे रविवारचे सर. प्रत्येक तालुक्यात असा एक तरी असतोच. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला निघालं आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असं ब्रीद घेऊन बसलं. आता गंगा घरोघरी न्यायची तर कुणीतरी हंडे उचलायला नकोत का? ते सर उचलतात. विद्यापीठाच्या भाषेत ते ‘समंत्रक’ आणि त्यांचा वर्ग म्हणजे ‘संपर्क सत्र’. आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना वर्षभर तो शब्द ‘सामंत्रक’ वाटत होता. सामंतांपैकी कुणी असावेत, अशा समजुतीनं ते आदरही जरा जास्तच दाखवत.

मी टपाल खात्यातला. बारावीला इंग्रजीत जो अडकलो तो सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिथंच. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा म्हणाली, “बाबा, तुम्ही जगाची पत्रं पोचवता, तुमचं स्वतःचंच पोचवायचं राहिलं.” पूर्वतयारीची परीक्षा देऊन बीएला नाव घातलं आणि अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्राला मागच्या बाकावर जाऊन बसलो. समोरचे सर माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. मला पाहून त्यांनी आधी नमस्कार केला, मग आपण सर आहोत हे आठवून हात खिशात घातला.

सर खरे म्हणजे सोमवार ते शनिवारचेही सरच. दोन दिवस एका कॉलेजात, दोन दिवस दुसऱ्या, उरलेले तिसऱ्या. पण सगळीकडे तासिका तत्त्वावर. म्हणजे फळ्यासमोर उभे राहतील तेवढ्याच तासांचे पैसे. दिवाळीची सुटी पडली की पोरं नाचतात आणि सर डायरी काढून बुडालेले तास मोजतात. नेट झालेली, सेट झालेली, पीएचडीचा प्रबंध ‘शेवटच्या प्रकरणात’ चार वर्षं मुक्कामाला. लग्नपत्रिकेवर नातेवाईक त्यांचं नाव ‘प्रा.’ लावून ठळक छापतात. त्या ‘प्रा.’ पुढचा ठिपका हीच त्यांच्या नोकरीतली एकमेव कायम गोष्ट.

मुली बघायला जातात तेव्हा चहा येण्याआधी प्रश्न येतो, “पर्मनंट का?” त्यावर सरांचं उत्तर सगळ्या तालुक्याला पाठ आहे : “प्रोसेसमध्ये आहे.” त्यांचं सगळंच प्रोसेसमध्ये असतं. जागा निघायच्या आहेत, बिंदुनामावली व्हायची आहे, मागचं मानधन व्हायचं आहे. “यंदा मात्र जागा निघणारेत,” हे ते ज्या स्वरात सांगतात, त्या स्वरात आमच्याकडे लोक “यंदा पाऊस वेळेवर आहे” म्हणतात.

सरांची बॅग हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तीत रुमालात गुंडाळलेले तीन रंगांचे खडू, स्वतःचा डस्टर, प्लास्टिकच्या पिशवीत हजेरीपत्रक, त्याच्यावर आणखी एक प्लास्टिकची पिशवी, एक जोडी कोरडे मोजे आणि डब्यात नाचणीची भाकरी. डस्टर स्वतःचा का, तर रविवारी कपाट बंद असतं, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि शिपाईमामा शेंडी गावी पाहुण्यांकडे असतात. तीन वर्षांत ते पाहुणे काही उरकले नाहीत.

वर्गात आले की सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात. एखादा पुजारी देव मांडतो तसं. “माझा तास म्हणजे साठ मिनिटांचा हं.” प्रत्यक्षात तो कधीच साठचा होत नाही, ऐंशीचा होतो. पुढच्या वीस मिनिटांचे पैसे कुणी देणार नसतं. ते घड्याळाकडे बघतात, चपापतात, म्हणतात, “एवढा मुद्दा संपवू,” आणि दुसराच मुद्दा काढतात. विद्यापीठाचा उल्लेख आला की त्यांचं बोट आपोआप खिडकीबाहेर कळसूबाईच्या दिशेनं जातं, कारण नाशिक त्या डोंगरापलीकडे. सुरुवातीला आमच्यातल्या एका पोलीस पाटलांना विद्यापीठ शिखरावरच आहे असं वाटलं होतं. “सोळाशे सेहेचाळीस मीटरवर कशाला बांधलं म्हणतो मी!”

त्यांची आवडती वाक्यं तीन. पहिलं : “लक्षात आलं, की परत सांगू?” यावर आपण “आलं” म्हटलं तरी ते परत सांगतात. दुसरं : “हे परीक्षेला येणार.” त्यांच्या हिशेबानं सगळंच परीक्षेला येणार असतं, प्रस्तावनासुद्धा. तिसरं ठेवणीतलं, वर्ग पेंगायला लागला की निघतं : “जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून लोक रात्री यायचे. आणि तुम्हाला दिवसाढवळ्या झोप येते?” पोलीस पाटील दचकून जागे होतात आणि “हजर” म्हणतात.

आमचा वर्ग म्हणजे एक ग्रामसभाच. अकोले आगाराचा एक कंडक्टर, दोन अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, एक आशाताई, मी आणि आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी. कंडक्टर उशिरा आलेल्याला सवयीनं म्हणतो, “पुढं सरका, मागं जागा आहे.” अंगणवाडीच्या बाईंचा रजिस्टरात हातखंडा, त्यांनी पहिल्याच महिन्यात सरांचं हजेरीपत्रक ताब्यात घेतलं आणि त्यांच्या बेरजा दुरुस्त करून दिल्या. आणि मावशी? सर लहानपणी ज्या आश्रमशाळेत राहिले, तिथं त्यांच्या ताटात आमटी वाढणाऱ्या याच मावशी. वर्गात त्या “होय सर, नाही सर” करतात. एसटी स्टँडवर भेटल्या की, “अरे, वाळलास किती!”

सरांचा खरा घाम काढतो तो मागणीचा नियम. फळ्यावर उताराची रेघ ओढून ते म्हणाले, “किंमत वाढली की मागणी घटते.” 

कंडक्टर म्हणाला, “सर, सणाला आपल्या राजूरच्या पेढ्याचं तसं होत नाही.” 

“तो अपवाद.” 

आशाताई म्हणाल्या, “आणि हिरड्याचं? बाळहिरडा वेचून वाळवून आम्ही नेतो, भाव व्यापारी सांगतो. आमच्या पुरवठ्याला कोण इचारतं?” 

सर थांबले. खडूनं डोकं खाजवलं, केसांत पांढरं झालं. मग त्यांनी ती रेघ पुसली आणि पाऊण तास नुसतं हिरड्यावर बोलले : साठवायला जागा नाही, पैशाची नड आजची, म्हणून माल पडेल त्या भावात जातो, आणि भाव वाढेपर्यंत थांबू शकतो तोच भाव ठरवतो. पुस्तकात हे आडवंतिडवं दोन पानांत होतं. त्या दिवशी पोलीस पाटीलसुद्धा जागे होते.

डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं त्या दिवसांत वर्गात चिटपाखरू नसतं. एका वर्षी सर सरळ प्रदर्शनातच आले, आम्हाला हुडकून काढलं आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या एका खोंडाशेजारी सत्र सुरू केलं. “ही जात धो धो पावसात टिकते, का? कातडी तेलकट, पाणी निथळून जातं. आता बाजार बघा. पूर्ण स्पर्धेत किंमत सगळ्यांना माहीत असते.” एवढ्यात बाजूलाच दोन दलालांनी उपरण्याखाली हात घातले आणि बोटं दाबून सौदा ठरवायला घेतला. किंमत त्या दोघांना आणि उपरण्याला माहीत. मावशी पदराआड हसल्या. सर म्हणाले, “ही अपूर्ण स्पर्धा. हेही परीक्षेला येणार.” हजेरी त्यांनी खोंडाच्या पाठीवर कागद ठेवून घेतली.

एक प्रकरण मात्र ते भरभर उरकत. बेकारीचं. हंगामी बेकारी सांगितली, सुशिक्षित बेकारी सांगितली, छुपी बेकारी सांगितली : “शेतावर राबताना दिसतात पाच, काम दोघांचं.” कंडक्टरनं हात वर केला. मनात काही नसलेला माणूस, पण प्रश्न तिकिटासारखा फाडून हातात देतो. “सर, मंग तुम्ही यात कुठं बसता?” 

वर्ग गप्प. पावसाचा आवाज वाढला. सर क्षणभर घड्याळाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “मी बसत नाही हो, उभाच असतो.” पहिले तेच हसले, म्हणून आम्हालाही हसता आलं.

पण खरी गंमत पुढं आहे. आषाढात भाताची आवणी सुरू झाली की सगळे खाचरात. अशा रविवारी वर्गात कुणीच नसेल तर सत्र कसलं आणि मानधन कसलं? हा हिशेब सर कधी बोलले नाहीत. तो लावला अंगणवाडीच्या बाईंनी, रजिस्टर हाती असल्यामुळे. त्यांनी पाळी बांधून दिली, पाणीवाटपाची बांधतात तशी. या रविवारी पाटील आणि आशाताई, पुढच्या रविवारी टपालवाले आणि कंडक्टर. मावशी दर रविवारी, कारण “पोरगं एवढ्या पावसात येतं.” गुडघाभर चिखलाचे पाय घेऊन आम्ही बाकावर बसायचो. खाली पाण्याचं थारोळं, वर राष्ट्रीय उत्पन्न.

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा चहाच्या टपरीवर ते मला हळूच म्हणाले, “खरं सांगू का, रविवारी अंगावर येतं. परवडतही नाही, पेट्रोलातच जातं निम्मं. पण ही माणसं आवणी टाकून येतात. मी नाही आलो तर त्यांचा हिरमोड होईल.” मी चहात बघत राहिलो. दोन्ही बाजू एकमेकांवर उपकार करत होत्या आणि दोघांनाही वाटत होतं की आपला उपकार गुप्त आहे. हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कुठल्या प्रकरणात बसतो, ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी तेही परीक्षेला येणार म्हणून सांगितलं असतं.

तीन वर्षांनी निकाल लागला. मी पास. कंडक्टरचा एक विषय राहिला, “पुढच्या गाडीनं येतो,” म्हणाला. मावशी पास झाल्या, आणि अर्थशास्त्रात त्यांना माझ्याहून चार गुण जास्त. रविवारी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन केंद्रावर आल्या. सर नुकतेच रेनकोटातून निघत होते. त्यांनी गुणपत्रक दोन्ही हातांनी धरून खालपासून वरपर्यंत वाचलं, म्हणाले, “बघा, बेकारीच आली होती ना?” आणि मग काही सुचेना म्हणून चष्मा पुसू लागले.

मावशींनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. लगेच दुसरा. सरांनी आपसूक दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं केली, रांगेतलं पोर करतं तशी. “लाजू नको, घे,” मावशी म्हणाल्या. तीन वर्षं वर्गात सांभाळलेलं ‘सर’ त्या एका घासात गळून पडलं.

तोंडात पेढा तसाच ठेवून सरांनी हजेरीपत्रकाचं कोरं पान काढलं. “यंदा नवीन किती आलेत?”

“माझ्या सुनेचा फारम भरलाय,” मावशी म्हणाल्या. “आणि तिच्या जावेचाबी. तू ये म्हंजे झालं.”