कॉन्फिगकाका

कॉन्फिगकाकांना तयार पॅकेज चालत नाही. दुसऱ्यानं कंपाइल करून ठेवलेलं सॉफ्टवेअर सगळं जग एका आज्ञेत उतरवून घेतं आणि कामाला लागतं. काका सोर्स उतरवतात. "आत काय काय घालून बांधलंय, ते आपल्याला कोण सांगणार?" हा त्यांचा सवाल. सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींत असा एक काका हटकून सापडतो. पुण्यात जरा जास्तच, असं माझं निरीक्षण आहे, कारण या कामाला लागणारा मूळ गुण म्हणजे कुणीही काहीही विचारलं की "तसं नसतं ते" अशी सुरुवात करता येणं.

सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधायला घेतलं की ते प्रश्न विचारतं. अमुक सोय हवी का, तमुक लायब्ररी जोडू का, कागदपत्रं कुठे ठेवू. बहुतेकांना ही कटकट वाटते. काकांना तो मान वाटतो.

काका मूळचे फ्रीबीएसडीवाले. तिथे १९९४ पासून 'पोर्ट्स' हा प्रकार आहे; तीस हजारांहून जास्त सॉफ्टवेअर कशी बांधायची याच्या कृती एकाच झाडाखाली मांडून ठेवलेल्या. एखाद्या पोर्टात जाऊन 'मेक इन्स्टॉल' म्हटलं की निळ्या पडद्यावर एक चौकट उघडते. डॉक्स हवेत? एक्झाम्पल्स हवेत? एक्स-११ हवं? काही खुणा आधीच केलेल्या असतात. तुम्ही-आम्ही एंटर मारून मोकळे होतो. काका खुर्ची पुढे ओढतात, चष्मा पुसतात आणि चहा मागवतात.

त्यांची थट्टा करताना एक कबूल करायला हवं, की मुद्दा त्यांचाच बरोबर असतो. वेबसाइटवरच्या फोटोंचा आकार बदलायला इमेजमॅजिक हवं होतं. डीफॉल्ट खुणा तशाच ठेवल्या तर त्याच्या पाठोपाठ एक्स-११ च्या लायब्रऱ्या सर्व्हरवर येतात, म्हणजे खिडक्या, माउस आणि पडदा यांचा सगळा संसार. सर्व्हर मात्र कपाटात बंद, त्याला मॉनिटरच नाही. काकांनी ती एक खूण काढली आणि डझनावारी पोर्ट बांधायचे वाचले. फक्त त्या दुपारी त्यांनी ही गोष्ट मजल्यावरच्या प्रत्येकाला, पाणी भरायला आलेल्या माणसासकट, सांगितली.

दुखणं पुढेच आहे. एक पोर्ट दुसऱ्या दहांवर अवलंबून असतो, ते दहा आणखी कुणाकुणावर, आणि प्रत्येकाची स्वतःची चौकट. ती त्याची पाळी आल्यावर उघडते. काका संध्याकाळी मोठं बांधकाम सुरू करून घरी जातात. त्यांनी गाडीला किक मारेपर्यंत कुठलीशी आडबाजूची लायब्ररी विचारते, 'डॉक्स हवेत का?' आणि उत्तराची वाट पाहत रात्रभर उभी राहते. सकाळी येऊन पाहावं तर यंत्र थंड, काम जिथल्या तिथे. दुसरा कुणी डोक्याला हात लावेल. काका म्हणतात, "पाहा. विचारल्याशिवाय पाऊल पुढे टाकलं नाही. याला संस्कार म्हणतात."

यावरचा इलाज त्यांना पाठ आहे. 'मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह' म्हटलं की सगळ्या गोतावळ्याचे प्रश्न बांधकामाआधीच विचारून होतात. लग्नाच्या याद्या आधी कराव्यात तसं, म्हणजे मांडवात रुसवेफुगवे नकोत. पण याद्यांच्या बैठकीत 'मग आमच्या मावशींचं काय?' निघतं, तसं इथेही होतं: एक नवी खूण केली की तिच्यापायी नवे पोर्ट लागतात आणि त्यांच्या चौकटी अजून विचारायच्या राहिलेल्या असतात. म्हणून एकही चौकट उघडेनाशी होईपर्यंत तीच आज्ञा पुन्हापुन्हा द्यावी, असं फ्रीबीएसडीची हँडबुकच सांगते. हे वाक्य काकांना फार प्रिय आहे.

आणखी सोपा इलाजही आहे. 'बॅच=येस' लिहिलं की एकही चौकट उघडत नाही, डीफॉल्ट गृहीत धरून सगळं बांधून होतं. काका हे नव्या पोरांना शिकवतात. स्वतः कधी वापरत नाहीत. दिलेली उत्तरं यंत्र जपून ठेवतं, पुन्हा विचारत नाही, हेही त्यांना सलतं. मग चार-सहा महिन्यांनी 'मेक आरएमकॉन्फिग' करून ते जुनी उत्तरं पुसतात आणि यंत्राला पुन्हा बोलतं करतात.

लिनक्सचं कर्नल म्हणजे त्यांची पंढरी. तिथे पर्याय हजारोंनी. मेनूतून हिंडायची सोय आहे, पण काकांचा जीव जुन्या 'मेक कॉन्फिग'वर: एकामागून एक ओळ, हो, नाही किंवा मॉड्यूल म्हणायचं, आणि मागे फिरायची वाट नाही. सातशेव्या प्रश्नाला बोट चुकलं तर पहिल्यापासून. प्रश्नचिन्ह दाबलं की मदतीचा मजकूर येतो आणि कित्येकदा त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं, खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. आपल्याला खात्री नसेल ही कल्पनाच काकांना सहन होत नाही. ज्या कार्डाचं नावसुद्धा ऐकलेलं नाही, त्याची माहिती ते तासभर वाचतात आणि शेवटी 'नाही'च म्हणतात. पण ते 'नाही' अभ्यासाअंती आलेलं असतं.

दोन हजार सालाच्या आसपास एरिक रेमंड यांनी ही प्रश्नावली सोपी करायचा घाट घातला होता. टिली नावाच्या काल्पनिक मावशीलासुद्धा स्वतःचं कर्नल बांधता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी सीएमएल-२ नावाची यंत्रणा त्यांनी लिहिली. कर्नलवाल्यांनी ती घेतली नाही. काका हा किस्सा सांगताना अजून खुलतात. मावशीबद्दल आकस नाही, पण मावशीला जमायला लागलं तर काकांना कोण विचारणार?

त्यांचा खरा राग 'येस' या आज्ञेवर. १९७९ च्या सुमाराची ही युनिक्सची चीज, थांबवेपर्यंत 'हो, हो, हो' म्हणत राहते. तिला रिकामी ओळ म्हणायला सांगून कर्नलच्या 'ओल्डकॉन्फिग'ला जोडलं की प्रत्येक नव्या प्रश्नाला आपोआप एंटर बसतं. एका पोरानं काकांच्या डोळ्यांदेखत हे केलं. दोन दिवस काका त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

आता कंटेनरचे दिवस. इमेज बांधताना उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं. मध्यंतरी असंच एक बांधकाम अर्धा तास हलेना. डेबियनचं टीझेडडेटा हे पॅकेज विचारत होतं, तुम्ही जगाच्या कुठल्या भागात राहता? पोरांनी 'नॉनइंटरॲक्टिव्ह' लावून त्याचं तोंड बंद केलं. बांधकाम झालं, घड्याळ यूटीसीवर लागलं, आणि सकाळी नऊचा रिपोर्ट दुपारी अडीचला निघाला.

"तो बिचारा विचारत होता ना, राहता कुठे म्हणून?" काका म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता.

"काका, आधीच टाइमझोन लिहून ठेवला की झालं. एका ओळीचं काम आहे."

"तसं नसतं ते. सरक."

काका बसले. पॅकेजला पुन्हा प्रश्न विचारायला लावला. आशिया निवडलं. शहरांची यादी आली. पुणं नसणार हे त्यांनी मोठ्या मनानं धरलंच होतं; पण मुंबईही नव्हती. काबूल होतं, कराची होतं, काठमांडू होतं, कुवेत होतं. भारताच्या नावानं एकटं कोलकाता.

"आपली वेळ ठरते मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावर," काका म्हणाले, "मग कोलकाता काय म्हणून? यादी केली कुणी ही?"

"काका, रिपोर्ट..."

"थांब रे. इथे मदतीला प्रश्नचिन्ह चालत नाही का?"

ते कळ शोधत असताना पोरानं मागून हात घातला आणि एंटर दाबलं.